तलावाकाठचे मुक्काम आणि चार हात पाळ

दादाने लष्कराच्या मोडीतली लॉरी विकत घेतली तेव्हा नलूवहिनीने त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तीच पदर खोचून लॉरीत चढली आणि वितीने मापं घ्यायला लागली. "मागे दोन्ही बाजूंना झोपण्यापुरत्या फळ्या बसवा, मधे स्टोव्ह, आणि खिडकीला पडदा. पडद्याशिवाय मी येणार नाही," ती म्हणाली. कुठे येणार नाही, हे तोवर कुणीच ठरवलं नव्हतं. आमचा प्रवास ठरला तो असा.

ही सत्तावन सालची दिवाळी. आता मी नव्वदीला टेकले आहे आणि हे सगळं एका बोटाने टाइप करते आहे, त्यामुळे चुका पोटात घाला. परवा दादाच्या नातीने मला तिच्या मोबाईलवर एक गाडी दाखवली. आत पलंग, ओटा, न्हाणीघर, सगळं. "आत्याआजी, हल्ली लोक अशा गाडीतून तलावाकाठी जाऊन राहतात," ती मला कौतुकाने समजावत होती. मी म्हटलं, पोरी, तुझ्या आजीने पडदा लावलेल्या लॉरीत ताडोबाच्या काठावर भरल्या वांग्याची भाजी केली होती. तिला खरं वाटेना, म्हणून लिहायला बसले. तुमच्यापैकी कुणी चांद्याकडे जायच्या बेतात असेल तर त्यालाही चार गोष्टी कळतील.

आम्ही चौघं होतो. दादा, ज्याचं नागपुरात मोटारदुरुस्तीचं गॅरेज होतं. नलूवहिनी. मी, म्हणजे घरातली बेबी, नुकतीच मास्तरीण झालेली आणि त्यामुळे जगातलं सगळं कळतं अशा समजुतीत असलेली. आणि हफीजभाई. त्यांचं दुकान गॅरेजला लागून होतं. मोटारीच्या गाद्या आणि टपाचं कापड शिवावं ते त्यांनीच. दादाने लॉरीबरोबर जुनं खाकी कॅनव्हासही उचलून आणलं होतं. त्याचा तंबू हफीजभाईंनी महिनाभर खपून शिवला, दुहेरी शिवण घालून, मेण लावलेल्या दोऱ्याने. "पाण्याचा एक थेंब आत आला ना, तर मी धंदा सोडून देईन," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. त्या तंबूला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपेना, म्हणून तेही निघाले. त्यांच्या बेगम म्हणाल्या, "न्या बाप्पा. घरी बसून माझ्या सालनाला नावं ठेवण्यापेक्षा जंगलात बरे."

नागपूरहून उजाडता निघालो ते चांद्याला दिवेलागणीला पोचलो. आज तुम्ही तीन तासांत जाता. आमची लॉरी चढावर इतकी हळू व्हायची की हफीजभाई खाली उतरून विडी पेटवत बाजूने चालत यायचे. वरोऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो. नवे पैसे नुकतेच निघाले होते. दोन आण्यांचे बारा नवे पैसे होतात की तेरा, यावर दादा आणि चहावाला अर्धा तास भांडले आणि तेवढ्यात आणखी एकेक कप चहा पिऊन झाला.

पहिला मुक्काम जुनोन्याला, चांद्याहून थोड्याच अंतरावर. गोंडराजांच्या वेळचा तलाव, काठावर दगडी बांधकामाचे अवशेष, आणि पाण्यावर कमळाची पानं. तंबू ठोकणाऱ्यांसाठी माझी पहिली सूचना इथलीच : काठाचं गवत जिथे दबलेलं दिसेल तिथे "वा, जागा तयारच आहे" म्हणून तंबू टाकू नका. ती जनावरांची पाण्यावर यायची वाट असते. आम्ही टाकला, आणि पहाटे चाळीस म्हशी आमच्या दोऱ्या ओलांडत पाण्यात उतरल्या. हफीजभाई तंबूच्या दारात हात पसरून उभे राहिले आणि प्रत्येक म्हशीला नम्रपणे बाजूने जायला सांगत होते.

तिथून ताडोबा. राष्ट्रीय उद्यान होऊन दोन वर्षं झाली होती, पण आमच्या लेखी ते अजून साधं जंगलच होतं. चांद्याच्या कचेरीतून चिठ्ठी घेतली, मोहुर्लीच्या नाक्यावर दाखवली आणि सागाच्या रानातून रुळलेल्या चाकोरीने तलावापर्यंत गेलो. आता काठावर तंबू ठोकू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. तेव्हा विश्रामगृहाच्या चौकीदाराने स्वतः जागा दाखवली, पाण्यापासून चांगली लांब. दादाने सामान उतरवलं, खांद्यावर पंचा टाकला, साबणाची डबी घेतली आणि निघाला.

"साबण घेऊन कुठी चालले जी?" चौकीदाराने विचारलं.

"आंघोळीला."

"मंग पंचा इथीच ठेवून जा. मगरीले पंचा लागत नाई."

दादा परत आला आणि पुढचे दोन दिवस बादलीने आंघोळ केली. संध्याकाळी पलीकडच्या काठावर चितळांचा कळप उतरला. वहिनीने वांगी भरली. पाण्यावर ढगांचा गुलाबी रंग उतरला होता आणि आम्ही चौघंही चक्क गप्प बसलो होतो. आमच्या घरात हा प्रकार फारसा होत नाही. तलावाकाठच्या तारू देवाच्या झाडाखाली नारळ फोडला; ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच पडलं म्हणतात. ज्यांना वाघ हवा असतो त्यांच्यासाठी सांगते : दिसला नाही. तरीही ताडोबा माझ्या यादीत पहिला आहे.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. आता जे सांगायचं आहे ते आमच्या घरातल्या कुणी बरीच वर्षं बाहेर सांगितलं नाही.

बेत असा होता की मूलवरून सावलीकडे जायचं, वैनगंगा पाहायची, जमलं तर डोंग्यातून पलीकडे जाऊन गडचिरोली गाठायची. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातलीच एक तहसील होती. नंतर मागे वळून सिंदेवाही, नागभीड करत, घोडाझरीच्या तलावाकाठी एक मुक्काम टाकून नागपूर. सावलीच्या वाटेवर रस्ता सोडून मैलभर आत एक तलाव दिसला. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही, नाहीतर तुम्ही गाड्या घेऊन जाल. एका बाजूला मोहाची झाडं, दुसऱ्या बाजूला लांबलचक मातीची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा बांध. पाळीखाली उतरत गेलेली धानाची शेतं. हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापून त्याच्या कडपा, म्हणजे कापलेल्या धानाच्या ओळी, शेतात वाळत पडल्या होत्या. उशिरा पिकणारा भारी धान अजून हिरवा-पिवळा उभा होता.

काठ चिखलाचा होता. दादा म्हणाला, इथे जमत नाही, पुढे चला. मी म्हटलं, "पाळीवर ने ना लॉरी. वर कोरडं आहे, आणि एका बाजूला पाणी, एका बाजूला धान. मावळतीला काय दिसेल वरून!" हे मी म्हटलं. दादाने नाही, वहिनीने नाही. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे.

पाळीच्या टोकाशी एक म्हातारा म्हशी घेऊन बसला होता. दादाने विचारलं, "बाबा, पाळीवरून बंडी जाते का?"

"जाते ना. रोजच जाते."

आम्ही बैलबंडीचं विचारलं, त्याने बैलबंडीचं सांगितलं. तीन टनांच्या लॉरीचं आम्ही विचारलंच नाही. अर्धी पाळ ओलांडली आणि मागचं चाक एकदम हातभर खाली गेलं. खालून दगड तडकल्यासारखा आवाज आला. दादाने इंजिन बंद केलं, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "रुतली. बैल आणून ओढावी लागेल." मग त्यात घाबरायचं काय? आम्ही तिथेच स्टोव्ह पेटवला. हफीजभाईंनी पाळीवरच तंबू उभा केला. वहिनीने दिवाळीच्या चकल्यांचा डबा उघडला. खालच्या अंगाने पाण्याची खळखळ येत होती, आणि मी मूर्खासारखी म्हणाले, "ओढा वाहतोय वाटतं. किती छान!"

चहा संपतो न संपतो तोच एक माणूस खालून शेताच्या बांधावरून पळत येताना दिसला. डोक्यावर बाजाराचं गाठोडं होतं, ते त्याने धावता धावताच फेकून दिलं. तो सोमाजी. गावाने नेमलेला पाणकर. कुणाच्या शेताला किती पाणी सोडायचं हे त्याच्या हाती, आणि पाळीची राखणही त्याच्याच हाती. नेमका त्या दिवशी तो सावलीच्या बाजाराला गेला होता.

तो आमच्याकडे आलाच नाही. पाळीच्या पायथ्याशी बसला, खळखळणारं पाणी ओंजळीत घेतलं आणि उजेडाकडे धरून पाहिलं. मग वर चढून दादासमोर उभा राहिला.

"कोनाले पुसून चढवली जी गाडी?"

दादाने म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. सोमाजीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "गाडी तुडुमावर आहे तुमची," तो म्हणाला. तलावातून शेतात पाणी सोडायची दगडी मोरी पाळीच्या पोटातून जाते, तिला तिथे तुडुम म्हणतात. तिचाच दगड आम्ही फोडला होता. "निवळ पाणी गळलं असतं तर भेव नव्हतं. हे गढूळ आहे. पाणी पाळीची माती खाऊन राह्यलं."

"किती वेळ टिकेल?" दादाने विचारलं.

"ते पाण्याले पुसा."

मला तेव्हा कुठे उलगडलं. पाळ फुटली तर खाली वाळत पडलेल्या कडपा वाहून जाणार. आणि तलाव रिकामा झाला तर उभ्या भारी धानाला शेवटचं पाणी मिळणार नाही, तो पोचट राहणार. म्हणजे गावाचा वर्षाचा धान दोन्हीकडून जाणार होता, आणि मी चकली खात बसले होते.

दादा घाबरला की उलटा बोलतो. तो म्हणाला, "पाळ आधीच कमजोर होती."

"होती ना जी," सोमाजी म्हणाला. "म्हणून तिच्या उरावर बसाचं काय?"

मग त्याने तोंडापाशी हात नेऊन अशी आरोळी ठोकली की गावातून माणसं निघालीच. पुढचा दीड-दोन तास काय काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. सहा बैलजोड्या लॉरीला जुंपल्या. दादा चाकाखाली फळ्या घालत होता, त्याच झोपायच्या फळ्या. बाया खालच्या शेतांत धावल्या आणि कडपा उचलून उंच बांधावर टाकायला लागल्या. वहिनी आणि मी त्यांच्यामागे धावलो. धान उचलायचा असतो कसा हेही मला ठाऊक नव्हतं. एका बाईने माझ्या हातांची जागा बदलली आणि म्हणाली, "लोंबी आपल्याकडे ठेव, बाई. नाईतर सांडते." तिथे कुणी आम्हाला शिव्या दिल्या नाहीत. शिव्या द्यायला वेळच नव्हता.

वर सोमाजी पाण्यात उतरला होता. तुडुमाचं आतल्या बाजूचं तोंड पाण्याखाली दीड पुरुष खोल. तो तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि चिखल घेऊन बुडी मारायचा, आणि ते तोंड सगळं गिळून टाकायचं. तीनदा झालं. चौथ्या वेळी वर आला तेव्हा त्याच्या कोपराला खरचटून रक्त आलं होतं. पाण्याची ओढ त्याला दगडावर आपटत होती.

हफीजभाई काठाशी उकिडवे बसले. "सोमाजीभाऊ, तोंड केवढं आहे?"

सोमाजीने दोन्ही हात पसरून दाखवलं. "एवढं. तणसानं नाई होत. रुंद पाह्यजे काही. अन् फाटाले नाई पाह्यजे."

हफीजभाई उठले, तंबूपाशी गेले आणि एक खुंटा उपटला. मग दुसरा. दादा लॉरीकडून ओरडला, "हफीजभाई, अहो, महिनाभर खपलात त्यावर!"

"मी खपलो ना? मंग तुम्ही काऊन ओरडून राह्यले?" ते म्हणाले, आणि पिशवीतून दाभण काढलं.

त्यांनी कॅनव्हासच्या चार घड्या घातल्या. आत तणस, त्यावर चिकट माती, त्यावर पुन्हा तणस. तीन बाजू त्यांनी मोठे टाके घालत शिवल्या, चौथ्या बाजूने आम्ही माती ठासत होतो. इतकं भराभर शिवताना मी कुणालाच पाहिलेलं नाही. ते तोंडाने सारखं काही पुटपुटत होते. मला वाटलं दुआ मागतायत. नंतर विचारलं तर म्हणाले, टाके मोजत होतो. तयार झालेली ती गादी उचलायला पाच माणसं लागली. सोमाजी आणि गावातले दोघे ढिवर, म्हणजे मासे धरणारे, ती घेऊन पाण्यात उतरले.

ते खाली गेले. पाण्यावर बुडबुडे आले. मग खालच्या अंगाची खळखळ एकदम बसली, आणि त्या शांततेत दूरवर कुणाचं तरी वासरू हंबरलेलं ऐकू आलं. तिघांची डोकी वर आली. पाण्याच्या ओढीनेच ती गादी तोंडावर घट्ट बसली होती. थोड्याच वेळात बैलांनी लॉरीही पाळीवरून ओढून काढली.

सगळ्यांचा धान वाचला असं लिहायला मला आवडलं असतं. सगळ्यांत सखल शेत सोमाजीचं होतं. तो पाण्यात होता, त्याची बायको दुसऱ्यांच्या कडपा उचलत होती, आणि त्याच्या शेताकडे जाईजाईपर्यंत अर्ध्या कडपा नाल्याला लागल्या होत्या. त्याने ते ओल्या अंगाने उभं राहून पाहिलं. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, "सोमाजीभाऊ, गाडी वर न्यायला मीच सांगितलं होतं." तो म्हणाला, "हो का," आणि कोपराचं रक्त धुवायला गेला. त्याने मला रागावायला हवं होतं असं मला फार वाटलं.

सकाळी मोहाच्या झाडाखाली पंच बसले. दादाने रात्रीतून हिशेब मांडून ठेवला होता आणि खिशात हात घालून उभा होता. त्याने नुकसानभरपाईचं काढताच सोमाजीची आई भिवराबाई मागून बोलली. डोळ्यांनी तिला कमी दिसायचं, पण आवाज खणखणीत होता.

"ज्याचा धान गेला त्याले धान दे, ते बरोबरच आहे. पण पाळीचं काय? पैशानं पाळ बुजते काय, बापू?"

आणि मग तिने सांगितलं ते मला पूर्वी ठाऊक नव्हतं. ती पाळ घरांमध्ये वाटलेली होती. ज्याच्या शेताला जेवढं पाणी, त्याच्या घराकडे पाळीचे तेवढे हात, म्हणजे तेवढी लांबी. दर उन्हाळ्यात, मृग लागायच्या आत, ज्याने त्याने आपल्या हातांवर माती टाकून चोपायची. मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, होता तोवर त्याचा माणूस दवंडी द्यायचा. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, आणि लोक म्हणाले, आता माती सरकार टाकील. अशा शेकडो तलावांतून या तलावाचा नंबर लागायचा होता. तोवर सहा उन्हाळे पाळीवर टोपलीभर माती पडली नव्हती. एकटा सोमाजी खेकड्यांची बिळं बुजवत फिरायचा.

"दोष त्याईचा आहे, तसा तुमचाही आहे," भिवराबाई पंचांना म्हणाली. "पाहुणे नका म्हणू याईले. गावातलंच एक घर धरा. तुडुमावरचे चार हात याईच्या घराले द्या. अन् आजपासून ज्याचे हात त्यानं उचला."

पंच हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. एकाने काठीने मापून चार हातांवर दोन दगड ठेवले. आमची शिक्षा आणि पत्ता, दोन्ही एकदमच ठरलं.

तीन दिवस आम्ही माती टाकली. वैनगंगा राहिली, गडचिरोली राहिली. लॉरी पाळीपासून लांब उभी करून दादा तिच्यातून मुरूम आणायचा आणि पुढे सगळं टोपल्यांनी. गावातली झाडून सगळी घरं आली होती. प्रत्येक जण आपल्या हातांवर माती टाकताना शेजाऱ्याच्या हातांकडे तिरका डोळा ठेवून होता. वहिनीच्या चकल्या संपल्या तेव्हा त्यांच्या बदल्यात लाखोळीच्या डाळीचे वडे आणि उकडलेले शिंगाडे आले, आणि सौदा आमच्याच फायद्याचा झाला. माझ्या तळहातांना फोड आले. एका आजीने ते पाहून विचारलं, "मास्तरीण आहेस म्हणे? मंग बरोबर आहे." हफीजभाईंचा खांदा दुखावला होता, म्हणून ते पाळीवर बसून गावाची फाटकी पोती शिवत होते आणि प्रत्येक पोत्याच्या मालकाला त्याच्या आधीच्या शिवणीबद्दल बोल लावत होते.

चौथ्या दिवशी सकाळी सोमाजीने मला हाक मारली. पाळीच्या पायथ्याशी अजून करंगळीएवढी धार झिरपत होती. त्याने तिच्याखाली लोटा धरला, भरू दिला आणि माझ्यापुढे केला.

"पाहा, बाई."

लोट्याचा तळ दिसत होता. पाणी निवळ होतं. मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन, आणि सोमाजी बिचारा लोटा धरून तसाच उभा राहिला, रडणाऱ्या मास्तरणीचं काय करायचं हे न कळून.

परत येताना घोडाझरीला थांबलो. डोंगरांच्या कुशीतला तो तलाव फार देखणा आहे, तुम्ही अवश्य जा. आम्ही सांडव्यापाशी गाडी लावली, बरीच लांब, आणि दादाने उतरून आधी पायाने जमीन दाबून पाहिली. तंबू नव्हता, म्हणून हफीजभाई लॉरीखाली झोपले. सकाळी त्यांच्या सदऱ्यावर तेलाचे डाग होते आणि तोंडावर दादाच्या गॅरेजच्या कामाबद्दलची मतं.

नागपुरात आल्यावर ज्याने त्याने एकच विचारलं, वाघ पाहिला का? नाही म्हटलं की पुढचं कुणी विचारायचं नाही, आणि आम्हीही सांगायचो नाही. दादाने सोमाजीसाठी दोन पोती धान सावलीला धाडला, तो पोचल्याचं कळलं, बस्स. दादाचं बोलणंच कमी झालं होतं. पूर्वी तो गिऱ्हाइकाला लॉरीच्या गोष्टी सांगायचा, आता लॉरी मालवाहतुकीला लावून मोकळा झाला. एकदा जेवताना वहिनी म्हणाली, "त्या लोकांनी आपल्याला घर धरलं, ते आपली अब्रू झाकायला. तोंडावर हाकलणं बरं दिसत नाही ना." दादा म्हणाला, "हो, तसंच असणार." मलाही तसंच वाटत होतं. गाव कशाला आमची वाट बघेल? आम्ही गेलो म्हणजे पीडा गेली, असंच म्हणाले असतील.

मे महिन्याच्या शेवटी पोस्टकार्ड आलं. अक्षर तिथल्या शाळामास्तराचं होतं, सांगणारा सोमाजी. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"सर्व घरांची माती पडली. तुमचे चार हात तसेच ठेवले आहेत. शेजारचे टाकतो म्हणाले, पण आईने टाकू दिली नाही. म्हणाली, ज्याचं घर त्यानं टाकावी, ते येतील. तिथे पाळ बसली आहे, पाणी आलं तर तिथूनच जाईल. तरी मृगाच्या आत यावे."

दादाने कार्ड माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचलं. सगळ्या गावाचं पाणी त्यांनी आमच्या चार हातांवर ठेवलं होतं.

"मृगाला किती दिवस आहेत?" त्याने विचारलं.

वहिनीने पंचांग काढलं. "नऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या गॅरेजला कुलूप होतं, शेजारच्या हफीजभाईंच्या दुकानालाही कुलूप होतं, आणि माझ्या शाळेला तर सुट्टीच लागली होती.